लेकराच्या ताटात एक घास नवा

“आमचं पोरगं काही खातच नाही.” वस्तीतल्या कुठल्याही आरोग्य शिबिरात हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत कानावर येतं. थोडं खोदून विचारलं की कळतं, पोरगं खातं, पण तीन-चारच गोष्टी खातं. पांढरा भात, बटाटा, चहात बुडवलेलं बिस्कीट आणि कोपऱ्यावरच्या दुकानातलं पाच रुपयांचं पाकीट. भाजी दिसली की तोंड फिरवतं, अंडं थुंकतं, वरणातली कोथिंबीरसुद्धा वेचून ताटाच्या कडेला लावतं. आई दिवसभर राबून आलेली असते. तिला वाटतं, उपाशी झोपण्यापेक्षा बिस्कीट तरी खाऊ दे. तिचं चुकत नाही, पण लेकराची सवय मात्र तिथेच घट्ट होत जाते.

हा फक्त हट्टाचा आणि लाडाचा प्रश्न नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांत रक्त कमी आढळलं. म्हणजे दर दहा मुलांमागे जवळजवळ सात. यातली कितीतरी मुलं रोज पोटभर जेवणारी आहेत. पोट भाताने आणि बिस्किटाने भरतं, पण रक्ताला लागणारं लोह, हाडामांसाला लागणारी प्रथिनं आणि डोळ्यांना लागणारं ‘अ’ जीवनसत्त्व त्यातून पुरेसं मिळत नाही. म्हणून ताटातला पदार्थ वाढवणं ही चैन नाही, ते उपचाराइतकंच महत्त्वाचं काम आहे. ते कसं करायचं, याचा धडा आज घेऊ.

मूल नाकारतं, त्याला कारण असतं

पहिलं कारण वाढीचं. जन्मताना तीन किलोचं बाळ वर्षाचं होईपर्यंत साधारण नऊ किलोचं होतं, म्हणजे पहिल्या वर्षात सहा किलो वाढतं. दुसऱ्या वर्षात मात्र त्याचं वजन सुमारे अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेग कमी झाला की भूकही कमी होते. आईला वाटतं नजर लागली, दात येतायत, पोट बिघडलं. खरं तर बऱ्याच लेकरांची भूक या वयात आपसूक आटोक्यात येते.

दुसरं कारण नवेपणाच्या भीतीचं. दीड-दोन वर्षांचं मूल चालू लागतं, हाताला येईल ते तोंडात घालू शकतं. याच वयात त्याला अनोळखी अन्नाची शंका येऊ लागते. गोड चव त्याला जन्मापासून आवडते, कडू आणि उग्र चवीला ते बिचकतं. दोन ते सहा वर्षांच्या वयात ही भीती सगळ्यात जास्त असते आणि पुढे हळूहळू ओसरते. मेथी, शेपू, कारलं नाकारणारं मूल वाईट नाही आणि त्याची आईही कमी पडलेली नाही.

तिसरं कारण आपल्या हातातलं आहे, ते म्हणजे मधलं खाणं. अकरा वाजता बिस्कीट, बारा वाजता चहा, मग पाकीट. एक वाजता ताट समोर येतं तेव्हा पोटात भूकच नसते. भूक नसलेलं मूल नवी चव कशाला घेईल? त्यात चहाचा आणखी एक तोटा आहे. जेवणासोबत किंवा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. लहान मुलांना चहा नकोच. दिवसभर बाटलीने दूध पिणाऱ्या मुलाचीही भूक मरते. वर्षावरच्या मुलाला दिवसाला अर्धा लिटरपर्यंत दूध पुष्कळ झालं.

ओळख एका दिवसात होत नाही

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लीअन बर्च यांनी १९८० च्या दशकात दोन वर्षांच्या मुलांना नवी फळं आणि चीज चाखायला दिलं. काही पदार्थ दोनदाच दिले, काही पाचदा, काही दहा, पंधरा, वीस वेळा. जो पदार्थ जास्त वेळा चाखला, तोच मुलांनी पुढे जास्त पसंत केला. त्यानंतरच्या अभ्यासांतूनही हेच दिसलं. एखाद्या पदार्थाची आवड लागायला आठ ते पंधरा वेळा चव घ्यावी लागते. आपण मात्र दोन-तीन वेळा देतो आणि म्हणतो, “याला भेंडी आवडत नाही.” एकदा हे लेकराच्या कानावर पडलं की तेही तेच म्हणू लागतं.

इथे वस्तीतली आई विचारेल, आणि बरोबर विचारेल, “ताई, पंधरा वेळा भाजी करून फेकायला पैसे कुठले?” आठवड्याचा हिशोब करणारी आई तेच रांधते जे पोरगं नक्की खाईल, कारण वाया गेलेला घास तिच्याच ताटातून गेलेला असतो. म्हणून माझं सांगणं वेगळं आहे. लेकरासाठी वेगळी भाजी करायची नाही आणि त्याच्या ताटात वाटीभर वाढायचीही नाही. घरात मोठ्यांसाठी जी भाजी झाली, त्यातला हरभऱ्याच्या दाण्याएवढा घास त्याच्या ताटात ठेवायचा. बाकीचं ताट त्याच्या ओळखीचं, भात-वरण किंवा भाकरी-बटाटा. त्याने घास खाल्ला तर उत्तम. नुसता चाटला तरी चाललं. बोटाने दाबून वास घेतला तरी ओळख एक पाऊल पुढे गेली. नाहीच खाल्ला तर तो घास तुम्ही खा. पंधरा वेळा दिला तरी सगळं मिळून चार चमचे भाजी होते, आणि वाया काहीच जात नाही.

कामाची वाटणी

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी एक साधा नियम सांगितला आहे. काय वाढायचं, केव्हा वाढायचं आणि कुठे बसून जेवायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं आणि खायचं की नाही, हे लेकराने ठरवायचं. आपल्या घरात बहुतेक वेळा याच्या उलटं चालतं. काय खायचं ते लेकरू ठरवतं, “मला पाकीट पाहिजे” म्हणून, आणि किती खायचं ते आपण ठरवतो, “ताट साफ कर” म्हणून.

मुलावर सोडलं तर ते उपाशी राहील, अशी भीती वाटते. क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी अमेरिकेत १५ बाळांना कित्येक महिने आपलं अन्न आपण निवडू दिलं. गरिबीमुळे घरी सांभाळता येत नव्हती अशी ती बाळं होती. त्यांच्यापुढे तीसहून अधिक पदार्थांतून ताटल्या मांडल्या जात. कुणी जबरदस्ती करत नसे. प्रत्येक बाळाने वेगवेगळं खाल्लं, पण सगळी धडधाकट वाढली. १९३९ साली हा अहवाल मांडताना त्यांनी स्वतःच सांगितलं की यातली खरी युक्ती पदार्थांच्या यादीत होती. त्या यादीत साखर नव्हती, तयार गोड पदार्थ नव्हते. सगळं साधं, ताजं अन्न होतं. म्हणजे लेकराला निवडू द्या, पण कशातून निवडायचं ते घर ठरवेल. घरात पाकीटच नसेल तर पाकिटाचा हट्ट फार दिवस टिकत नाही.

किती वाढायचं, याचा सोपा अंदाज म्हणजे जितकी वर्षं तितके मोठे चमचे. तीन वर्षांच्या मुलाला तीन चमचे भाजी आणि तीन चमचे घट्ट वरण पुरे. भरलेलं ताट पाहूनच लहान मूल दडपतं. कमी वाढा, मागेल तेव्हा परत द्या. दिवसातून तीन जेवणं आणि दोन वेळा खाऊ, मध्ये अडीच-तीन तास फक्त पाणी. जेवण वीस ते तीस मिनिटांत आटोपायचं. नंतर ताट उचलायचं, न रागावता.

हे टाळा

नाक दाबून, हातपाय धरून घास कोंबू नका. अन्न श्वासनळीत जाऊ शकतं, आणि त्या पदार्थाची धास्ती कायमची बसते. “भाजी संपव, मग चॉकलेट देते” असं म्हणू नका. त्यातून लेकरू शिकतं की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस. मोबाईल समोर धरून भरवू नका. डोळे पडद्यावर असले की तोंडात काय गेलं आणि पोट कधी भरलं, हे त्याला कळत नाही. “ती बघ शेजारची कशी खाते” ही तुलना नको. आणि पालक वाटून कणकेत लपवला तर पोषण मिळेल, ते चांगलंच, पण पालकाची ओळख होणार नाही. म्हणून लपवा, पण लपवून थांबू नका. आठवड्यातून दोन-तीनदा तोच पालक पानाच्या रूपात, नाव सांगून ताटात दिसू द्या.

ओळखीच्या पायरीवरून नव्या पायरीवर

मुलाला जे आवडतं तिथून सुरुवात करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

फक्त पांढरा भात खाणारं मूल: आधी भातावर वरणाचं पाणी, मग घट्ट वरण, मग वरणात पालकाची दोन पानं, मग मुगाची खिचडी, शेवटी भाजी घातलेली खिचडी. प्रत्येक पायरीला चार-पाच दिवस द्या. मुलाने मागे पाऊल घेतलं तर तुम्हीही एक पायरी मागे या.

चहा-बिस्कीट खाणारं मूल: आधी बिस्किटाऐवजी चपाती, मग चहाऐवजी दूध, मग दुधात कुस्करलेली ज्वारी-बाजरीची भाकरी. रोज दूध परवडत नसेल तर पातळ वरणात किंवा मटणाच्या रश्शात भाकरी कुस्करा.

कुरकुरीत पाकीट मागणारं मूल: त्याला खरं तर कुरकुरीत आणि खारट पाहिजे असतं. भाजलेले पोहे, चुरमुरे, शेंगदाण्याचा कूट लावलेली कडक भाकरी द्या, तव्यावर कुरकुरीत केलेली भेंडी द्या. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं पाच वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, घशात अडकतात.

अंडं थुंकणारं मूल: उकडलेल्या अंड्याचा वास आणि पिवळ्या बलकाचा कोरडेपणा बऱ्याच मुलांना नको असतो. कांदा-कोथिंबीर घालून पातळ पोळी करा, किंवा भातात अंडं फोडून परता. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे तीन वर्षांच्या मुलाची दिवसाची जवळजवळ निम्मी गरज भागते. इतक्या पैशात इतकं देणारे पदार्थ थोडेच. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबवला. तुमच्या मुलाच्या शाळेत आज काय मिळतं, ते शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत जाऊन विचारा.

पालेभाजीबद्दल एक खुलासा. पालेभाजीतलं लोह शरीर सहज घेत नाही. तिच्यावर लिंबू पिळलं, सोबत आवळा किंवा पेरू दिला तर ते जास्त लागू पडतं. मटण, कलेजी, मासळी यांतलं लोह मात्र चांगलं शोषलं जातं.

आपल्या अन्नाची लाज

एक कारण असं आहे ज्याबद्दल आरोग्याच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. पहिली-दुसरीतलं पोर एके दिवशी घरी येऊन म्हणतं, “मला सुकट नको, डब्यात बटाटाच दे.” आईला वाटतं नखरे करतंय. खरं म्हणजे कुणीतरी नाक मुरडलेलं असतं, बाकावरून उठून दूर बसलेलं असतं. पोर सांगत नाही, फक्त खाणं सोडतं. अशा वेळी रागावू नका. शेजारी बसवून विचारा, “कुणी काही बोललं का?” बोललं असेल तर शिक्षकांशी जाऊन बोला. ही तक्रार लहान नाही.

आपल्या आज्यांनी गरिबीत जे अन्न राखलं त्यात पोषण होतं. सुकट-जवळ्यात प्रथिनं आणि कॅल्शियम आहे, कलेजीत लोह आणि ‘अ’ जीवनसत्त्व आहे. बाजरी, अंबाडी, घोळ, तांदुळजा, शेवग्याचा पाला, हे सगळं कमी पैशातलं कसदार अन्न. सुकट-बोंबील खारट असतं, म्हणून लहानांसाठी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या. कलेजी पंधरवड्यातून एक-दोनदा, थोडीच पुरे. पण हे अन्न वाढताना “गरिबाचं खाणं” असं म्हणत वाढू नका. आपण मान खाली घालून वाढलेलं अन्न लेकरू मान वर करून खाणार नाही.

घरातल्या प्रत्येकाचं काम

वडिलांनी ताटातली भाजी बाजूला सारली तर मुलगाही सारणार. हजार वेळा सांगण्यापेक्षा वडिलांनी मुलाशेजारी बसून तीच भाजी चवीने खाणं जास्त उपयोगाचं. दिवसातलं निदान एक जेवण सगळ्यांनी एकत्र, मोबाईल बाजूला ठेवून करा. आई कामाला गेल्यावर आजी किंवा थोरली बहीण सांभाळते. पाच रुपये आजीच प्रेमाने देते. आजीला दोष देऊ नका, तिला काम द्या. चार वाजताच्या खाऊचा डबा भरून तिच्या हाती ठेवा, म्हणजे प्रेम करायला तिच्याकडे दुसरी वस्तू असेल.

आणि घरातल्या मुलींकडे बघा. मुलगा खात नाही म्हणून त्याच्यासाठी अंडं तळलं जातं, मुलगी खात नाही तेव्हा “नखरे कमी कर” म्हणतात. अंडं दोघांना. आईनेही शेवटी उरलेलं खाऊ नये, सगळ्यांसोबत जेवावं. पोटातल्या आणि अंगावर पिणाऱ्या बाळापर्यंत आईच्या जेवणाच्या चवी पोहोचतात. गरोदरपणात आणि दूध पाजताना तऱ्हेतऱ्हेचं खाणारी आई बाळाची पहिली शिकवणी तिथेच घेते.

सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू करा. पेज आणि भाताच्या पाण्यावरच वर्ष काढू नका. नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंत मऊ पण हाताला दाणे लागतील असं अन्न मिळालं नाही तर पुढे चावून खाणं जड जातं. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाने दिवसभरात आठपैकी किमान पाच गटांतलं काहीतरी खावं: आईचं दूध, धान्य व कंद, डाळी-शेंगदाणे, दूध-दही, मांस-मासळी, अंडं, पिवळी-केशरी फळं व हिरवा पाला, इतर भाज्या-फळं. रात्री झोपण्यापूर्वी बोटांवर मोजा.

वस्तीत चार-पाच घरच्या मुलांना एकत्र बसवून जेवू घातलं तर फरक लवकर दिसतो. एकटं न खाणारं मूल सवंगड्यांत पाहून खातं. रविवारी विहारात मुलं जमतातच. महिला मंडळाने महिन्यातून एकदा प्रत्येक घरून एक भाजी आणून मुलांना चव द्यायला काय हरकत आहे? मुलांनाच पालक निवडायला, वाटाणे सोलायला, कोथिंबीर खुडायला बसवा. हाताने ओळखलेलं अन्न तोंडाला परकं वाटत नाही.

डॉक्टरकडे केव्हा न्यायचं

सगळंच नखरा समजू नका. पुढीलपैकी काही दिसलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात दाखवा.

• दोन-तीन महिने वजन वाढलं नाही किंवा घटलं. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून घ्या आणि कार्डावरची रेघ समजून घ्या.
• सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर १२.५ सेंटिमीटरपेक्षा कमी. ११.५ पेक्षा कमी असेल किंवा दोन्ही पायांवर सूज असेल तर त्याच दिवशी न्या.
• माती, खडू, भिंतीचा पोपडा खाणं, चेहरा-तळहात फिकट दिसणं.
• घास गिळताना ठसका, घुसमट, वारंवार उलटी.
• शौचाला खडा होणं, दात किडून दुखणं. दुखणाऱ्या दाताने कुणी भाकरी चावत नाही.
• आधी खात असलेले पदार्थ एकेक करून सोडत जाणं, सोबत बोलणं उशिरा येणं, हाक मारली तर न बघणं.

रक्तवाढीचं औषध आशाताई किंवा अंगणवाडीकडून मोफत मिळतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना ते आठवड्यातून दोनदा, १ मिली द्यायचं असतं. जंताची गोळी फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये मिळते, ती चुकवू नका. पोटात जंत असले की खाल्लेलं अंगी लागत नाही. “भूक वाढवायचं सिरप” मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणू नका. त्यातल्या काही औषधांनी मुलाला गुंगी येते. महागड्या पावडरच्या डब्यावरची घटकांची यादी वाचा. जो घटक सगळ्यात जास्त तो सगळ्यात आधी लिहिलेला असतो. साखर कितव्या क्रमांकावर आहे ते पाहा आणि मग ठरवा, की त्या पैशात किती अंडी आणि किती शेंगदाणे आले असते.

या पंधरवड्याचा गृहपाठ

एकच भाजी निवडा, बाजारात सध्या जी स्वस्त आहे ती. कॅलेंडरवर पंधरा घरं मोजा. एक दिवसाआड तिचा एक घास लेकराच्या ताटात ठेवा आणि त्या तारखेवर खूण करा: पाहिली, हात लावला, चाटली, खाल्ली. ओरडायचं नाही, शाबासकीचा गजरही नाही. पंधरा दिवसांत सात-आठ वेळा होईल. खाल्ली नाही तर आणखी एक पंधरवडा तीच भाजी चालू ठेवा. तोपर्यंत अकरा वाजताचं बिस्कीट आणि दुपारचा चहा बंद. एवढं केलंत तरी महिन्याभरात ताटात एक पदार्थ वाढेल. वर्षाला असे दहा वाढले तर पुढच्या वर्षी वजनकाट्यावरचा आकडाच तुम्हाला सांगेल.